मुका पापड

या, शिरा पांघरुणात. पाय आत घ्या सगळ्यांनी. चिंगे, त्याचं पांघरूण ओढू नकोस, तुझं तुला दिलंय. डोळे मिटले तरी चालेल, कान तेवढे उघडे ठेवा.

एक होतं गाव. राजाही होता, पण तो लांब, डोंगरापलीकडे. त्याला भूक लागली की बोलावू आपण. गावाचं नाव कुसुंबवाडी. गावाच्या अगदी टोकाच्या घरात राहायची द्वारकाबाई. नवरा वारलेला, पोरबाळ नाही. घरात पाट होते चार आणि बसणारी एकटी. सकाळी उठायची, चूल पेटवायची, एका माणसाचा भात शिजवायची. एका माणसाचा भात नीट होत नाही, बरं का. एकतर करपतो, नाहीतर उरतो. मग ती उरलेला भात कावळ्याला घालायची आणि कावळा खाईपर्यंत तिथंच उभी राहायची. तेवढीच सोबत.

पण द्वारकाबाईच्या हाताला एक गुण होता. पापड करावेत तर तिनंच. उडदाचं पीठ, पापडखार, मिरी आणि हिंग, झालं. पण प्रमाण असं, की घास संपला तरी चव जिभेवर रेंगाळायची. एकदा काय झालं, तिच्या मनात आलं, नुसतं बसून दिवस सरत नाही, तर पापड करून विकावेत. पण उडदाचे पापड काही एकटीनं होत नाहीत. मग तिनं शेजारच्या तिघींना हाक मारली.

पहिली ठकूबाई. दंड असे, की उखळात पीठ कुटायला लागली की भिंतीवरची भांडी वाजायची. दुसरी गिरजा. तिच्या हातचा पापड इतका पातळ, की त्यातून अंगण दिसायचं. तिसरी अनशी. अनशीला ना नीट कुटता यायचं, ना नीट लाटता यायचं. तिचा पापड म्हणजे कधी आंब्याचं पान, कधी नकाशा. पण बोलायची कोण! कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेनं दुधात मीठ टाकलं, सगळं हातवारे करून सांगायची. बाकीच्या हसून हसून आडव्या व्हायच्या.

आता पापड लाटायला बसायची एक रीत असते. तुमच्या आईला विचारा. कुटलेल्या पिठाचा लांब दोर वळायचा, दोऱ्यानं त्याचे तुकडे कापायचे. ती लाटी. आलेल्या बाईच्या हातात आधी लाटणं द्यायचं नाही. आधी तेलात बुडवलेली लाटी द्यायची. कच्चीच खायची ती. खारट, तिखट, दाताला चिकटणारी. लाटी खाल्ली की मग काम. आणि काम करता करता मन झालं की आणखी एक. कुणी विचारायचं नाही, कुणी बघायचं नाही.

मग काय, अंगण भरलं. बाजेवर धुतलेलं लुगडं पसरलं आणि त्यावर पापड वाळायला लागले. आठवड्याच्या बाजाराला द्वारकाबाई स्वतः टोपली घेऊन जायची. नुसती बसायची नाही हं. शेजारी निखाऱ्यांची पाटी ठेवायची. गिऱ्हाईक आलं की एक पापड भाजायची आणि त्याच्या कानाजवळ मोडायची. कर्रर्र! "आधी ऐका, मग घ्या," म्हणायची. लांबून जाणारी माणसंही वळून बघायची. जो तो पापड घेऊन जायचा. उद्या तुम्हाला काही विकायचं झालं ना, तर हे लक्षात ठेवा. आपला माल आपण हातात घेऊन दाखवावा, आणि गिऱ्हाइकाचं तोंड कसं होतं ते आपल्या डोळ्यांनी बघावं. चौघी आपापला वाटा घ्यायच्या आणि चारही पाट भरून हसत राहायच्या.

मग एके दिवशी मोतीशेट नावाचा व्यापारी आला. म्हणाला, "बाई, बाजारात बसायचे कष्ट कशाला? माझी गाडी दर आठवड्याला तुमच्या दारात येईल. तुम्ही नुसते पापड द्या, विकायचं मी बघतो. पण दुप्पट हवेत." द्वारकाबाईला आनंद झाला. बाजारात जाणं बंद झालं. निखाऱ्यांची पाटी माळ्यावर गेली.

दुप्पट पापड म्हणजे दुप्पट घाई. आणि माणूस घाईला लागला की त्याचे डोळे कसे होतात, ठाऊक आहे? बारीक होतात. द्वारकाबाईचे डोळे बारीक झाले. तिला दिसायला लागलं, की ठकूनं सहा लाट्या खाल्ल्या. म्हणजे सहा पापड गेले की पोटात! गिरजेनं चार. अनशीनं तर विचारूच नका. मग तिनं काय केलं? लाटी बंद केली. एका ताटलीत फुटाणे ठेवले आणि म्हणाली, "भूक लागली तर हे घ्या. लाट्या विकायच्या पापडाच्या आहेत."

ठकूबाईनं हातातली लाटी परत ठेवली. दुसऱ्या दिवशी तिला घरी काम निघालं, तिसऱ्या दिवशीही निघालं. मग ती आलीच नाही.

मग द्वारकाबाई म्हणाली, "बोलत लाटलं की पापड जाड होतो. तोंड बंद ठेवा जरा." त्या दिवशी गिरजा काहीतरी सांगत होती. अर्ध्यावरच थांबली. दुसऱ्या दिवशी तीही आली नाही.

राहिली अनशी. अनशी गप्प बसून लाटायला लागली. तीन दिवस ती गप्प होती. कल्पना करा, आपली चिंगी तीन दिवस गप्प! चौथ्या दिवशी द्वारकाबाईनं तिचा वेडावाकडा पापड उचलला आणि म्हणाली, "असले चालत नाहीत आता, अनशे." अनशीनं पोळपाट पुसला, भिंतीला टेकवून ठेवला, पदर सावरला आणि निघून गेली.

झालं. पुन्हा चार पाट आणि बसणारी एकटी. आधी एकटी होती तेव्हा इतकं कळत नव्हतं. आता अंगण भरून रिकामं झालेलं, त्यामुळे ते फार मोठं वाटायला लागलं.

एका दुपारी ती पिठाच्या ढिगासमोर डोक्याला हात लावून बसली होती. मोतीशेटची गाडी चार दिवसांवर आलेली. तेवढ्यात दारात एक म्हातारा सुतार आला. पाठीवर पोतं, दाढीत लाकडाचा भुसा. म्हणाला, "माय, लांबून आलोय. एक लाटी दे तेलात बुडवून."

द्वारकाबाई म्हणाली, "लाट्या विकायच्या आहेत बाबा. पाणी देते." आणि तिनं पाणी दिलं.

म्हातारा पाणी प्यायला. मग त्यानं विचारलं, "तुला काय हवंय गं?"

द्वारकाबाई वैतागलेली होती. म्हणाली, "कामाला अशी माणसं हवीत, जी खाणार नाहीत, बोलणार नाहीत आणि सोडून जाणार नाहीत."

"एवढंच ना," म्हातारा म्हणाला. त्यानं पोत्यातून तीन लाटणी काढली. काळीशार, गुळगुळीत. ती ओसरीवर ठेवली आणि पाठमोरा होऊन निघून गेला.

आणि बरं का, ती लाटणी आपोआप उठली! घरंगळत घरंगळत एकेका पोळपाटावर जाऊन बसली आणि लाटायला लागली. सरसर, सरसर. पापड कसे? चंद्रासारखे गोल, सगळे एका मापाचे. द्वारकाबाईनं तोंडावर हातच ठेवला. चार दिवसांचं काम एका दिवसात झालं. मोतीशेटनं दुप्पट मागितले होते, तिनं चौपट दिले. गाडी एक होती, त्या तीन झाल्या. पापड जवळच्या बाजारात गेले, मोठ्या पेठेत गेले, डोंगर ओलांडून पलीकडे गेले.

आणि द्वारकाबाई? ती पीठ मळायची, यंत्रासारखी लाट्या कापायची, पापड उचलून वाळत घालायची. दिवसभर आवाज एकच, सरसर. सुरुवातीला तिला बरं वाटलं. मग महिना गेला. मग तिला वाटलं, आपण आज कुणाशी बोललोच नाही. मग आठवलं, की कालही नाही. एकदा तिनं लाटण्यांना विचारलं, "जेवलात का रे?" विचारलं आणि स्वतःच दचकली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

त्या दिवशी तिनं तीन लाट्या तेलात बुडवल्या आणि एकेका पोळपाटाशेजारी ठेवल्या. संध्याकाळी पाहिलं तर तशाच. दुसऱ्या दिवशी कडक झाल्या. तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. लाटण्यांना तोंड कुठलं, बाळांनो? द्वारकाबाईनं मुंग्या झटकल्या नाहीत. मुंग्या निदान येत-जात तरी होत्या.

तिकडे डोंगरापलीकडे राजाच्या मुलीचा साखरपुडा ठरला. चला, आता राजाला भूक लागली. पापड कुणाचे? तर द्वारकाबाईचे. मानाची म्हणून तिलाही बोलावणं आलं. नवं लुगडं नेसून ती गेली. भर दुपारी हजार माणसांची पंगत बसली. पानं वाढली, भात आला, वरण आलं, वर तूप आलं. डाव्या बाजूला लोणचं आणि त्याच्याशेजारी गोल गोल पापड. श्लोक झाला. हजार माणसांनी हजार पापड मोडले.

आणि आवाजच आला नाही.

एवढासुद्धा नाही. पापड मोडत होते, तुकडे पडत होते, पण सगळं मुकं. घरात दोघं-चौघं जेवताना लोकांना वाटायचं, सादळला असेल पापड. पण हजार पापड एकदम सादळत नाहीत. लोक एकमेकांकडे बघायला लागले. बोलणं थांबलं. आणि बरं का, जो जो तो पापड खाईल, त्याला आपलं लांब असलेलं माणूस आठवायला लागलं. कुणाला गावी राहिलेली आई, कुणाला परदेशी गेलेला भाऊ. साखरपुड्याच्या पंगतीत हजार माणसं मान खाली घालून बसली. नवरी मुलगी तर रडायलाच लागली.

राजा काही वाईट माणूस नव्हता. त्यानं द्वारकाबाईला विचारलं, "बाई, हे काय?" ती काय सांगणार? तिनं वर्षभरात स्वतःचा पापड मोडलाच नव्हता. एकटीसाठी कोण पापड भाजतं? राजा म्हणाला, "लग्नाला पंधरा दिवस आहेत. आवाजाचे पापड आले तर ठीक. नाही आले, तर माझ्या राज्यात तुझा पापड पुन्हा कुणाच्या पानात पडणार नाही."

द्वारकाबाई घरी आली. तिच्याजवळ आता होतं काय? तेवढे पापडच होते. तेही गेले तर उरणार काय? मग तिनं उपाय सुरू केले. पहिल्यांदा पापडखार दुप्पट घातला. पापड कडू झाले, आवाज नाही. मग मिरी दुप्पट घातली. शिंकून शिंकून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आवाज नाही. मग सावलीत वाळवायचे ते कडक उन्हात टाकले. पापडांना भेगा पडल्या, पण त्याही मुक्यानंच पडल्या. आणि लाटणी आपली सरसर, सरसर.

शेवटी ती उठली आणि गल्लीतल्या बयोआजीकडे गेली. बयोआजी गावात सगळ्यांत म्हातारी. तोंडात एक दात नाही. म्हणजे पापड खाण्यातलं तिला काय कळणार? पण द्वारकाबाईला आठवलं, की बयोआजी दर आठवड्याला पापड न्यायची. तिनं विचारलं, "आजी, तुम्हाला तर चावत नाही. मग पापड न्यायचात कशाला?"

"अगं, नातू मोडायचा, मी ऐकायची," बयोआजी म्हणाली. "त्या आवाजात मला तुझं अंगण ऐकू यायचं. ठकूचं कुटणं, गिरजेचं हसणं, अनशीची बडबड. सगळं त्यात लाटलेलं असायचं, द्वारके. आता तू लाटतेस ते काय? नुसतं पीठ."

द्वारकाबाई तिथंच खाली बसली. तिला कळलं होतं. पण कळणं सोपं, बरं का. ज्यांना दुखावलं त्यांच्या दारात जाऊन उभं राहणं महाकठीण.

तरी ती गेली. वाटीत तेल, तेलात तीन लाट्या. पहिल्यांदा ठकूबाईच्या दारात. ठकूबाई म्हणाली, "माझा घास मोजलास तू, द्वारकाबाई. कष्ट मी कधी मोजले होते?" द्वारकाबाई म्हणाली, "चुकले." ठकूबाईनं वाटीतली लाटी उचलली आणि तोंडात टाकली.

मग ती गिरजेकडे गेली. गिरजा म्हणाली, "त्या दिवशी मला गप्प केलंत. मी माझ्या आईच्या दुखण्याचं सांगत होते." द्वारकाबाई म्हणाली, "आता सांग. सगळं सांग." आणि ती उंबऱ्यावर बसली. गिरजेनं सांगितलं. आई बरी झाली होती, पण सांगायचं राहिलं होतं ना. सांगता सांगता गिरजेनं लाटी खाल्ली.

वाटीत एक लाटी उरली. द्वारकाबाई अनशीच्या घराकडे निघाली. दाराला कडी होती. कडीवर कोळ्यानं जाळं विणलेलं. मागून गिरजा आली आणि हळूच म्हणाली, "अनशी गेली हो, पौषात. चार दिवसांचा ताप आला."

"मला कुणी सांगितलं कसं नाही?" द्वारकाबाई म्हणाली.

गिरजा म्हणाली, "तुमच्या अंगणात बोलायचं नव्हतं ना."

द्वारकाबाई त्या बंद दारापुढं वाटी धरून उभी राहिली. तेलात लाटी तशीच. काय करणार? आता कुणाला 'चुकले' म्हणणार? फार रडली ती. गिरजा तिच्याजवळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तो म्हातारा सुतार पुन्हा दारात. या वेळी द्वारकाबाईनं त्याला न मागता लाटी दिली, तेलात बुडवून. मग तीन लाटणी त्याच्यापुढं ठेवली. म्हणाली, "बाबा, घेऊन जा. ही खात नाहीत, बोलत नाहीत, सोडून जात नाहीत, सगळं खरं. पण ही कधी येतही नाहीत रे. सकाळी दारात कुणी येतंय याची वाट बघण्यात जे असतं ना, ते यांच्यात नाही." म्हाताऱ्यानं लाटी खाल्ली, बोटं चाटली, लाटणी पोत्यात घातली आणि गेला.

मग ठकूबाई आली, गिरजा आली. तीन पाट लागले. चौथा पाट भिंतीशी होता. अनशीनं जाताना टेकवून ठेवलेला तिचा पोळपाटही तिथंच होता. द्वारकाबाईनं तो खाली मांडला. त्याच्याशेजारी पहिली लाटी ठेवली आणि स्वतः तिथं बसली. आणि लाटता लाटता तिनं अनशीला गावातलं सगळं सांगायला सुरुवात केली. वर्षभराचं. कुणाची म्हैस व्याली, राजाच्या पंगतीत काय फजिती झाली, गिरजेची आई कशी उठून बसली. हातवारे करून सांगितलं, अनशीसारखंच, आणि त्या पोळपाटावर पापडही अनशीसारखेच वेडेवाकडे होत गेले. ठकूबाई हसली. मग गिरजा हसली. मग हसता हसता तिघी रडल्या आणि पापडावर मिठाचं पाणी पडायला नको म्हणून मागे सरकल्या.

पहिला पापड वाळला. ठकूबाईनं तो निखाऱ्यावर भाजला. द्वारकाबाईनं डोळे मिटले आणि मोडला.

कर्रर्र!

तिकडे गल्लीत बयोआजी खाटेवर उठून बसली.

राजाकडे पापड वेळेवर गेले. लग्नाच्या पंगतीत हजार पापड मोडले, तर असा आवाज उठला की झाडावरचे पक्षी उडाले आणि नवरी खुदकन हसली. पण राजानं एक गोष्ट टिपली. त्यानं निरोप पाठवला, "काही पापड गोल नाहीत. वेडेवाकडे आहेत, आवाजही त्यांचा हळू. पण माझी लेक तेच वेचून खाते. ते कुणाचे?"

द्वारकाबाईनं उलट निरोप दिला, "ते अनशीचे."

नंतर मोतीशेटला तिनं सांगितलं, की पापड आता अनशी धरून चौघींच्या हातांनी होतील तेवढेच मिळतील, आणि दर महिन्यात एका बाजाराला ती स्वतः निखारे घेऊन बसेल. धंदा वाढला, नाही असं नाही. पण हळूहळू वाढला. शेजारच्या गल्लीतली एक आली, तिची बहीण आली, मग तिची सून आली. जी आली तिला आधी लाटी. आणि त्या सगळ्यांच्या आधी एक लाटी अनशीच्या पोळपाटाशेजारी. ती कधी कावळा न्यायचा, कधी मुंग्या. कधी तशीच राहायची. तशी राहिली की द्वारकाबाई ती संध्याकाळी उचलून स्वतः खायची, सावकाश.

तर असं तिचं अंगण भरलं आणि भरलेलंच राहिलं, त्यातली एक जागा सोडून. आपली गोष्टही इथं संपली.

झोपलात का? चिंगे, झोप आता. उद्या आपल्याकडे पापड आहेत. सकाळी जो माझ्या शेजारी येऊन बसेल, त्याला पहिली लाटी. मी मोजणार नाही.